मशीनवरचा रुपया

इथे पोलंडमध्ये पैसे काढताना मशीन विचारतं, रुपयांत कापू की इथल्या चलनात? ते रुपयाचं चिन्ह मी अजूनही क्षणभर बघत राहतो.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा गावचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. मी नववीत शाळा सोडलेली, पडद्यावरचं बाकी सगळं परकं. खोलीचं भाडं त्याच दिवशी रोख द्यायचं होतं आणि कार्डावर ताईने भरलेले जेमतेम तेवढेच पैसे होते. मी रुपयाकडे बोट नेलं.

"अरे भाई, रुपया नको दाबू!" रांगेत मागे उभा असलेला, आचाऱ्याच्या कपड्यांतला एक नेपाळी हिंदीत ओरडला. "रुपयाला मशीन स्वतःच्या मनाचा भाव लावतं, जास्त कापतं. मी महिनाभर दाबत होतो. घरचा पैसा दिसला की बरं वाटायचं ना!"

मी दुसरं बटण दाबलं. भाडं भागलं, वर पावापुरते उरले. आभार मानायला वळलो तर म्हणाला, "सरक आता, थंडी वाजतेय."

आपलं वाटलं ते लुटणार होतं आणि राखलं एका परक्याने. त्याचं नावही विचारायचं राहिलं. म्हणून मशीनसमोर कुणी नवखा घुटमळताना दिसला, की पैसे काढायचे नसले तरी मी मागे उभा राहतो.