पुन्हा जन्मायचा दिवस

आमच्या पोलादपूरच्या घरी तांदूळ निवडायला एक बाई यायची. तिची वाडी घाटाच्या वाटेवर, डोंगरात. कपाळ मोकळं, हात मोकळे. तिचा नवरा पलटणीत होता; पहिल्या महायुद्धात तो तुर्कांच्या कैदेत वारला, असं सरकारातून कळवलं होतं. देह नव्हता, म्हणून सावित्री नदीच्या काठी दर्भाचा पुतळा करून जाळला, तेरावं घातलं आणि तिच्या बांगड्या फोडल्या.

लढाई संपून दोनेक वर्षं झाल्यावर तो चालत घरी आला.

मी तेव्हा मुंबईच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आले होते. चारचौघांत मराठी बोलताना अडखळायची, म्हणून बहुतेक वेळ गप्प बसून बघायची. त्या दिवशी ती सूप हातात घेऊन नुसतीच उभी राहिली.

"आला गो बाय," म्हणाली. "पन कुंकू अजून नाय."

भटजींचं म्हणणं होतं की ज्याचं क्रियाकर्म झालं तो मेलेलाच. त्यानं पुन्हा जन्म घ्यायला हवा. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत, दार बंद करून, मुठी आवळून, गुडघे पोटाशी घेऊन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसायचं. तोंडातून अक्षर काढायचं नाही, कारण पोटातलं मूल बोलत नाही. मग आईनं मांडीवर घ्यायचं, नाव ठेवायचं आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं.

माझे वडील तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. पायाच्या जखमा दाखवायला तो आमच्या ओटीवर आला तेव्हा हसत होता. "जन्माला घालतायत, तर नाव तरी दुसरं ठेवा म्हनतो. जुन्या नावानं सरकार परत लढाईला बोलवायचं."

"आणि बायको?" वडिलांनी विचारलं.

"ती जुनीच बरी, साहेब. मढ्याला नवी कोन देतंय?"

"जीभ तेवढी धड आलीय," ती दाराआडून म्हणाली. तिला मी पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

ठरलेल्या दिवशी त्यांनी वडिलांना वाडीवर बोलावलं, मीही गेले. पडवीत कासार हिरव्या बांगड्या घेऊन बसला होता. म्हातारी सासू खोलीच्या दाराशी पाय पसरून बसली, खरीच अडलेली बाळंतीण असावी तशी. तो आत गेला. बाहेरून कडी लावली.

ऊन माथ्यावर येईपर्यंत आतून काही आवाज नव्हता. त्याची बायको चुलीपाशी होती. पुन्हा पुन्हा येऊन उन्हाकडे बघायची आणि परत जायची.

मग आतून आवाज आला, "हाजीर!"

भटजी दचकून उठले.

"हाजीर! हाजीर!" आता तो दारावर मुठी मारत होता.

"गप रे बाळा, थोडं ऱ्हायलंय," म्हातारी म्हणाली. बायको चुलीपासून धावत आली, दाराला तोंड लावून बोलू लागली, "अवो, बोलू नका. मी हाय हितं. बोलू नका वो." आतून आवाज चढतच गेला, शेवटी शेवटी तो माणसाचा वाटेना. भटजींनी हात आडवा केला. तिनं तो बाजूला सारला आणि स्वतः कडी काढली.

कासारानं बांगड्या परत टोपलीत भरल्या. त्याला कोणी थांब म्हटलं नाही.

वडील त्याच्या फुटलेल्या मुठी बांधत असताना तो खाली बघत बोलला. "तिथं आम्हांला कोंडायचे. सकाळी दार उघडून पुकारा व्हायचा. जो हाजीर बोलला नाय त्याला मढ्यांत टाकायचे. एकदा तापात माझा आवाज बसला. मलापन वढला. तवाच मेल्याचा कागद निघाला आसंल."

आमच्या शाळेत शिकवलं होतं की युद्धकैद्यांना कसं वागवायचं याचे देशादेशांत नियम ठरलेले आहेत. मी वडिलांना इंग्रजीत विचारलं, हे नियमांत बसतं का. "नाही," ते म्हणाले आणि पट्टी गुंडाळत राहिले.

भटजी दुसरा मुहूर्त काढायला तयार होते. म्हातारीनं सुनेचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. "एक दिसाचा तर सवाल हाय गो."

"नाय," ती म्हणाली. "परत कोंडायचं नाय त्यांना."

ती त्याच्याबरोबर राहिली, तशीच, बिनकुंकवाची. पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. पाणवठ्यावर बायका तिच्यासाठी जागा सोडून लांब उभ्या राहू लागल्या. विधवेला पोर होणार, असंच त्या म्हणायच्या, तो समोरून लाकडं घेऊन जात असला तरी.

बारशाच्या वेळी मी सुट्टीला आले होते; आईनं मला झबलं आणि खोबरं देऊन पाठवलं. पाळणा बांधला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या. वाडीतली एकही बाई आली नव्हती. म्हातारी एकटीच पाळणा म्हणत होती, मधेच कडवं विसरत होती.

"तू तरी आलीस," बाळंतीण म्हणाली.

मी कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवून तिच्या कपाळाकडे नेलं. तिनं पदर पुढे ओढला. "नको गो बाय. उद्या पोरीला बोलतील."

मी ते कुंकू पोरीला लावलं. दार सताड उघडं होतं. तो अंगणात वाटेकडे तोंड करून उभा होता. बऱ्याच वेळानं आत आला आणि घुगऱ्यांच्या भरलेल्या टोपावर झाकण ठेवून परत बाहेर गेला.