शेफसाहेबांचा फ्राइड राइस

हॉटेलात त्याचं काम भांडी घासायचं. बारा वर्षं एकाच मोरीपाशी उभा. पण घरी आणि आजूबाजूच्या चार बिऱ्हाडांत तो शेफसाहेब. लेक चार वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "बाबा, तुम्ही हॉटेलात काय करता?" आणि याच्या तोंडून निघून गेलं, "फ्राइड राइस करतो." एवढीशी थाप. लेकीनं ती घरोघरी पोचवली, पुढे शाळेत नेली, आणि मागे घ्यायची हिंमत याला कधी झाली नाही. बायकोला खरं ठाऊक होतं. ती त्यावरून अवाक्षर बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्याचीच त्याला जास्त लाज वाटायची.

आता लेक अकरा वर्षांची झाली. परीक्षा संपताच तिनं जाहीर केलं, "रविवारी माझ्या तिघी मैत्रिणी जेवायला येणार. बाबा फ्राइड राइस करणार."

"अगं, हॉटेलातली मोठी शेगडी घरी कुठली?" तो म्हणाला.

"मी त्यांना सांगून टाकलंय."

झालं. आता मागे फिरायची सोय राहिली नाही. बारा वर्षं बघतोय, त्यात काय एवढं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. बघत होता खरा, पण आचाऱ्याची पाठ. आचाऱ्यानं बाद केलेली एक लोखंडी कढई त्यानं मागून आणली. काळीकुट्ट. हॉटेलात कढया तेवढ्या आचारी कधी मोरीत येऊ देत नसे. स्वतःच गरम पाणी ओतून ब्रश फिरवी आणि पुसून ठेवी. याला ती मिजास वाटायची. आता कढई तावडीत सापडल्यावर यानं सगळी कसर भरून काढली. तारेची घासणी, पावडर आणि दोन तास घाम. कढई अशी लखलखली की तिच्यात बघून भांग पाडावा. तो काळा थर म्हणजे वर्षानुवर्षं जिरवलेलं तेल आणि त्याच्यामुळेच भात चिकटत नाही, हे विचारलं असतं तर आचाऱ्यानं सांगितलं असतं. पण शेफसाहेब कसले विचारतात!

भातही त्यानं ताजाच लावला. हॉटेलात भाताची मोठाली ताटं रोज त्याच्याकडेच यायची, कडांना सुकलेली शितं चिकटलेली. आदल्या दिवशीचा भात पसरून गार करतात म्हणून ती शितं सुकतात, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नाही. त्याला ती दिसली फक्त घासण्यापुरती.

रविवारी दुपारी चौघी मुली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यानं ऐटीत तेल सोडलं, गाजर, कोबी, अंडी टाकली, वर वाफाळता भात ओतला आणि कढई झोकात उडवली. काहीच उडालं नाही. भात तळाला घट्ट बसला होता. तो खरवडत गेला तसा त्याचा लगदा होत गेला, आणि घरभर करपल्याचा वास सुटला.

"काका, हा असाच असतो का?" एकीनं साधेपणानं विचारलं.

त्याच्या आधी लेकच बोलली, "घरच्या शेगडीवर असंच होतं." तिचा चेहरा लाल झाला होता. आपली सबब तिच्या तोंडी ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलींनी दोन-दोन घास खाल्ले आणि पोट भरल्याचं सांगितलं. बायको त्यांना फळं कापून द्यायला बाहेरच्या खोलीत गेली. लेक मोरीत कढई घासत बसली होती, डोळे भरून आलेले. त्यानं कढई तिच्या हातातून घेतली. मग हात आपोआप चालू लागले: कढई तिरपी, तीन वेढे, उलटी, पाणी. दोन मिनिटांत काम फत्ते.

लेक बघतच राहिली. "बाबा, किती छान येतं तुम्हाला हे."

त्याला ते सोसवेना. खाली मान घालून तो म्हणाला, "हॉटेलात मी हेच करतो, बाळा. एवढंच करतो. फ्राइड राइस मी आज पहिल्यांदा केला."

तिनं बाहीनं डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी सगळ्यांना इतकी वर्षं खोटं सांगत होते?"

"तू नाही गं. मी."

"मग तुम्हीच सांगा. त्या अजून बाहेर बसल्यात."

त्याला वाटलं, आत्ता धरणी दुभंगली तर बरं. ती काही दुभंगली नाही. त्यानं ओले हात पँटला पुसले आणि तो बाहेरच्या खोलीत गेला.