शांताक्काच्या दारातले झगे

रविवारी सकाळी शांताक्काच्या दारात पाय जपून टाकावा लागे. तिथं माणसाएवढा झगा पसरलेला असायचा, रांगोळीचा. दूध घालणारा सर्जेराव सायकल भिंतीला टेकवायचा, कडेकडेनं अंग चोरत यायचा आणि आधी विचारायचा, "काय अक्का, आज कोन गेलं घरी?"

"त्यो टकल्या गेला बघ. लई गुणाचं पोरगं हुतं."

टकल्या म्हणजे कुठल्याशा परदेशातला शिकाऊ ड्रेस-डिझायनर. शनिवारी संध्याकाळी केबलवर एक इंग्रजी स्पर्धा लागायची. दिलेल्या वेळात कपडा शिवायचा, परीक्षकांपुढे मांडायचा. ज्याचा सगळ्यात वाईट, तो घरी. अक्काला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. मी आठवीत शाळा सोडलेली, मलाही नाही. "सुई धरल्याली कळती, रडल्यालं कळतंय. आनि काय पायजे?" असं म्हणून ती आवाजच बंद करायची.

जिंकणाऱ्याकडे ती ढुंकूनही बघायची नाही. रांगोळीत यायचा तो घरी गेलेल्याचा कपडा, आणि तोही त्यानं केला तसा नाही. वेळ संपला म्हणून जी झालर राहिली, जी चुणी नीट बसली नाही, ती अक्का आपल्या चिमटीनं पुरी करायची. "जानाऱ्याचं अर्धं ऱ्हायलं तर कुनीतरी पुरं कराय नगं?"

मी यवतमाळकडची. कोल्हापुरात एका लेडीज टेलरकडे शिकायला आले आणि अक्काच्या माडीवर भाड्यानं राहिले. अक्काचं माहेर कर्नाटकच्या हद्दीवरचं. मला ती 'तंगी' म्हणायची, कानडीत धाकटी बहीण. जन्मभर इरकली लुगडं नेसलेली बाई, सॅटिन हातात धरलं असेल तर शपथ. पण राखाडी भुकटीवर पांढरी भुरभुरवून ती सॅटिनची अशी चकाकी आणायची की एकदा मी खाली बसून बोट लावून पाहिलं. बोट पांढरं झालं तेव्हा कुठं विश्वास बसला.

"इस्कटलीस की गं!" अक्का ओरडली. "आता त्या पोराचा झगा परत फाटला!"

दुपारपर्यंत सगळं पायांखाली नाही तर वाऱ्यावर. तिला त्याचं काही वाटायचं नाही. आज अक्का नाही, आणि त्या झग्यांचा एक फोटोही कुणी काढून ठेवलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मला मात्र सदा धास्ती. घरचे म्हणाले होते, ही काही टिकत नाही, येईल परत. मशीनची सुई मोडली तरी वाटायचं, आज मास्तर घरी पाठवणार. एका शनिवारी पाठवलंच. नवरीच्या ब्लाउजचं जांभळं भरजरी कापड, आणि मी दोन्ही बाह्या उजव्या हाताच्याच कापल्या. डावीपुरतं कापड उरलं नाही. मास्तर कात्री ठेवून एवढंच म्हणाले, "सोमवारपास्नं येऊ नगंस."

अक्कानं मला पोटभर रडू दिलं. मग विचारलं, "कंची बाही ऱ्हायली म्हनलीस?"

"डावी."

"बरं. भाकरी खा."

आणि नेहमीसारखा टीव्ही लावला. मला असा राग आला! माडीवर जाऊन पिशवी भरली.

सकाळी एसटी गाठायला खाली उतरले आणि उंबऱ्यातच थबकले. दारात माझा ब्लाउज होता. तोच जांभळा, काठाला सोनेरी वेल, उजव्या बाहीवर जर अशी लखलखत होती की उन्हाकडे बघावं की तिच्याकडे. म्हणजे मीही घरी गेलेल्यांत जमा! मग दिसलं, डावीकडे नुसती फरशी. बाही काढलीच नव्हती. शेजारी रांगोळीचा डबा उघडा होता.

"अक्का, हे अर्धंच का ठेवलं?"

"मी गेल्याल्यांचं पुरं करतो. तू कुठं गेलीयास?"

मी पिशवी खाली ठेवली. चिमूट भरली. उजवी बाही आरशात दिसावी तशी मनात उलटी करून पाहिली, आणि पहिली रेघ सोडली.

तेवढ्यात सर्जेरावाची सायकल भिंतीला टेकली. "काय अक्का, आज कोन गेलं घरी?"

"कोन न्हाय. वाईच थांब तितंच. पोरीची बाही चाललीया."