गोष्टीतला चोर

हजेरी घेण्याआधी समजा सर पृथ्वीची काहीतरी मोडतोड करायचे. सोमवारी तिचं गुरुत्वाकर्षण काढून घेत, मंगळवारी तिला दुसरा चंद्र देत, बुधवारी अख्ख्या दर्यापूरला मुंगीएवढं करून टाकत. "समजा..." म्हणून त्यांनी खडू वर धरला की माझ्या मराठीच्या तासाला जांभया देणारा आठवीचा वर्ग बाकांवरून पुढे सरकायचा. त्यांचं खरं नाव फक्त मस्टरवर होतं. पोरं समजा सर म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो.

विज्ञानाचे शिक्षक, पण तासिकांवर घेतलेले. दर जूनमध्ये संस्थेनं बोलावलं तर यायचं, नाही बोलावलं तर घरी बसायचं. मी मात्र कायम, बावीस वर्षं नोकरी झालेली जुनी बाई. सर रोज अमरावतीहून बसनं येत आणि बसमध्येच गोष्टी लिहीत. वहीतली ओळ कधी वर, कधी खाली. "अक्षर माहं नाही बाई, रस्त्याचं हाय," म्हणून हसत.

गोष्टी सगळ्या अशक्य. उडणारं शेत, बोलणारी माती, दर्यापूरच्या बाजारातला अदृश्य शिंपी. प्रत्येक गोष्टीत विज्ञानाची एक लबाडी लपवलेली असे आणि ती पोरांनी पकडायची. त्याला ते "गोष्टीतला चोर" म्हणत. ज्याला सापडला त्यानं उभं राहून ओरडायचं, "चोर!" सगळ्या वर्गानं विचारायचं, "कुठं?" मग त्यानं बोट दाखवायचं, "थो पाहा!" आणि चोर का, ते सांगायचं. शेजारी माझा वर्ग. डोकं उठायचं नुसतं!

त्या शिंप्याला कोमलनं पकडलं. भाजीचा मळा करणाऱ्या माणसाची पोरगी, दोन वेण्या, बोलायला लागली की थांबणं नाही. "सर, मानूस दिसत नाही म्हंजे त्याचे डोयेई दिसत नसन. मंग उजेड थांबन कुठं? थो शिंपी त आंधया होईन!" सर वर्ग सोडून धावत माझ्या दारात आले. "बाई, या पोट्टीले मी काई शिकोलं नाही. तिनं माह्या हातून हिसकून घेतलं!"

मी नाक मुरडत असे. पोरांना धडधडीत खोटं सांगून विज्ञान कसलं शिकवता, असं एकदा तोंडावर बोलले. ते चिडले नाहीत. "खरी गोष्ट पाठ होते, बाई. खोटी गोष्ट तपासा लागते." महिनाभरानं मी फळ्यावर संधी सोडवताना चुकले आणि मागून आरोळी आली, "चोर!" वर्ग ओरडला, "कुठं?" मी आधी रागावले, मग हसत सुटले. त्यानंतर व्याकरणाच्या तासाला मी स्वतःच हा खेळ घेत असे. हे मुद्दाम सांगते आहे. मला सगळं माहीत होतं.

त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनाला संस्थेचे अध्यक्ष आले. पटांगणात पालक भरलेले. मागे शाळेची नवी इमारत, म्हणजे तीन वर्षांपासून नुसतेच उभे असलेले खांब. त्या खांबांच्या पैशांबद्दल गावात काय काय बोललं जायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण स्टेजसमोर कोण बोलणार? अध्यक्ष रंगात आले होते. म्हणाले, "आमच्या शेतातल्या विहिरीत भरदुपारी उतरा आणि वर पाहा, आभाळात चांदण्या दिसतात! हे तुमच्या पुस्तकात नाही सापडणार."

कोमल ताडकन उठली. "चोर!"

साठ पोरं सवयीनं ओरडली, "कुठं?"

कोमलचं बोट सरळ स्टेजवर. "थो पाहा!"

आणि पालक जे हसले, जे हसले! कुणी शिटी मारली, कुणी टाळ्या पिटल्या. खांबांकडे बघून हसले मेले. कोमल बिचारी जीव तोडून सांगत होती, "मी सोता उतरली होती इहिरीत, बाबासंग, गाळ काढ्याले! दिवसा चांदन्या दिसत नसते!" ऐकतंय कोण? सर माईककडे धावले, तर मुख्याध्यापकांनी माईक बंद केला. अध्यक्ष भाषण अर्धवट टाकून गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी चौकशी लागली. विद्यार्थ्यांना अध्यक्षांविरुद्ध चिथावल्याचा ठपका. सर माझ्याकडे आले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला पाहिला. "बाई, तुमी त कायम. वर्गात चोर कशाले म्हंतो, तेवढं दोन ओळीत लिहून द्या. माही नोकरी वाचन." मी म्हटलं, "अहो, लिहिते ना! त्यात काय एवढं?"

मनापासून म्हटलं होतं. पण मुख्याध्यापक उन्हाळ्यात निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी माझ्या नावाचा प्रस्ताव अध्यक्षांच्या टेबलावर होता. संध्याकाळी अध्यक्षांचा निरोप आला, "बाईंनी विचार करून लिहावं." मी विचार केला. लिहिलं, "विज्ञानाच्या तासाला वर्गात काय चालते, याची मला कल्पना नाही." शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

त्याच आठवड्यात सरांना काढलं. खण रिकामा करून ते माझ्या टेबलापाशी थांबले. "चाललो बाई." मी वह्या तपासत होते. मान वर केली नाही. लाज वाटते आज सांगायला.

चार दिवसांनी कोमल आली. दारातच उभी. "बाई, माह्यामुळं गेले का सर?" नाही म्हणायला काय लागत होतं? तुझं बरोबर होतं, विहिरीतून चांदण्या दिसत नाहीत, एवढंच सांगायचं होतं. मी म्हटलं, "पुढे बोलताना जरा विचार करत जा." तिनं मान हलवली आणि गेली.

गेल्या दिवाळीत अकोल्याच्या बसस्टँडवर सर भेटले. प्रवेश परीक्षेच्या कुठल्याशा क्लासमध्ये शिकवतात. वाळले होते. गोष्टी लिहिता का, विचारलं. "कोन आयकते? चार पर्याय असते, एक गोल काळा करा लागते. 'समजा' म्हन्याले टाइमच नाही." मी कसंबसं सुरू केलं, "सर, तेव्हा माझा प्रस्ताव..." त्यांनी हातानंच थांबवलं. "माईत हाय मले. चहा घेता?" चहा पाजला त्या माणसानं मला! चारचौघांत चार शिव्या दिल्या असत्या तर माझी सुटका झाली असती. बस लागली तेव्हा विचारलं, "कोमल काय म्हंते? पकडते का चोर अजून?"

"पकडते ना," मी म्हटलं. केवढे खूष झाले!

कोमल आता दहावीत आहे आणि मी मुख्याध्यापिका. गेल्या महिन्यात तिचे वडील ऑफिसात आले, मेथी आणि वांग्यांची भरलेली पिशवी घेऊन. "मॅडम, पोट्टी लय सुदरली आमची. पह्यले काहून-काहून करून डोकं खाये. आता घरीई एक सवाल इचारत नाही. तुमीच वळण लावलं तिले." त्यांनी हात जोडले. मी म्हटलं, "अहो, हे कशाला आणलंत?" आणि पिशवी ठेवून घेतली.