माझ्याच लग्नाला माझी हरकत

देव आहे की नाही, असा प्रश्न मला कधी पडला नाही. देवाला मी चालतो की नाही, हा प्रश्न मात्र त्या वर्षी डोकं खात होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जालन्याकडून सुरतेला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती. मी साडीच्या कारखान्यात कामाला होतो, आई आणि मी कोसाडला राहायचो, आणि आईने माझं लग्न ठरवलं होतं. मुलगी बारडोलीची, रूथ नावाची, आमच्यासारखीच कॅथलिक आणि स्वभावाने गोड. तिला नाव ठेवायला जागाच नव्हती. अडचण माझ्यात होती. माझा जीव पास्कलवर होता.

पास्कल आमच्याच चर्चमधला, मराठी मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, वाचन करणारा. आमची जोडी बघून लोक कौतुकाने म्हणायचे, सख्खे भाऊसुद्धा असे राहत नाहीत. आम्ही मुकाट्याने मान डोलवायचो. ख्रिस्तसभेची शिकवण मला पाठ होती: असा ओढा असणं हे पाप नव्हे, पण तसं वागणं पाप, तेव्हा जन्मभर ब्रह्मचर्य पाळा. ऐकायला ठीक आहे हो! पास्कल समोर बसून सुकट-भाकरी खात असला की सगळं पाठांतर विसरायला व्हायचं. त्यात मी एक नंबरचा घाबरट. आईला नाही म्हणायची छाती नव्हती.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचतात. कुणाला या विवाहात अडथळा ठाऊक असेल तर त्याने कळवावं, असंही सांगतात. आता गंमत बघा, हे वाचायचं काम पास्कलकडे! पहिल्या रविवारी त्याने माझं नाव असं वाचलं, की लोकांना वाटावं कुणी वारलं. माझ्याशिवाय जगात तो अडथळा त्याला एकट्याला ठाऊक, आणि तोच सगळ्यांना विचारतोय! बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अरे, जरा हसून तरी वाच."

"तू लग्न कर, मी हसतो," म्हणाला आणि सायकल काढून निघून गेला.

दुसऱ्या रविवारीही कुणी हूं की चूं केलं नाही. एरवी कुणाकडे कोंबडी शिजली तरी आठवडाभर बोलणारे लोक! मी पवित्र मरियेपुढे मेणबत्त्या लावून विनवत होतो, माउली, कुणाला तरी पाठव गं.

तिसऱ्या रविवारी पास्कल माझ्या नावाशी येऊन थांबला. खाकरला, पुन्हा सुरू केलं, पण आवाज फुटेना. काय झालं कोण जाणे, मी उभाच राहिलो. हरकत असेल त्याने भर मिस्सेत उभं राहायचं, अशी माझी अडाणी समजूत. खरं तर फादरना खाजगीत जाऊन सांगायचं असतं.

शेजारी एक अनोळखी म्हातारी होती, कुणाची तरी पाहुणी असावी. तिला वाटलं प्रार्थनेला उठायची वेळ झाली, म्हणून तीही उठली. मिस्सेत केव्हा उठायचं आणि केव्हा गुडघे टेकायचे, हे आमच्याकडे निम्म्या लोकांना शेजाऱ्याकडे बघूनच कळतं. आमची रांग उठली, मागची उठली, मग अख्खं चर्च उभं! आईसुद्धा! फादर वेदीवरून बघतच राहिले.

"अरे, या लग्नाला बधानी, सगळ्यांचीच हरकत आहे काय?" ते त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले. "बेसी जाओ, बेसी जाओ!"

हशा पिकला, सगळे बसले. मी उभाच. म्हातारीने माझा हात धरला. "बस की बाबा," म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात सोडला. "नाहीतर राहा उभा. तुला काहीतरी सांगायचंय."

"फादर, हरकत माझी आहे," मी म्हणालो.

मिस्सेनंतर फादरना सगळं सांगितलं. त्यांनी शिकवण तसूभरही सैल केली नाही. "पण मुलीला फसवून विवाहसंस्कार? तो मी देणार नाही," म्हणाले. ज्या नियमांनी मला इतकी वर्षं कोंडून घातलं, त्यातलाच एक नियम असा धावून आला. एसटीडी बूथवरून रूथला खरं कारण सांगितलं. ती रडली, मग भडकली. "आत्ता सांगतोस? पत्रिका वाटून झाल्या!" तिचं काहीच चुकलं नव्हतं. घरी येऊन आईलाही सांगितलं, पास्कलच्या नावासकट. आईने बोलणं टाकलं. ताट वाढायची, पण आदळून.

शनिवारी पापनिवेदनाला गेलो. रूथला फसवत होतो ते सांगितलं आणि अडकलो.

"आणखी?" फादर म्हणाले.

"आणखी आहे, फादर, पण त्याचा पश्चात्तापच होत नाही. करून बघितला."

जाळीपलीकडे फादरची खुर्ची करकरली. आता हाकलतात, असं वाटलं. "नियमाने पश्चात्तापाशिवाय क्षमा नाही," ते पुटपुटले, आणि क्षमेची प्रार्थना म्हणायला लागले. माझे डोळे भरून आले.

ती म्हातारी कुणाकडे आली होती, हे पुढे कुणालाच सांगता आलं नाही. मी त्यावर वाद घालत नाही, मरियेला हात जोडतो. ख्रिस्तसभेची शिकवण आजही तीच आहे आणि मीही तोच आहे. दोघांचा मेळ कसा घालायचा ते मला समजत नाही, म्हणून ते देवावर सोपवलंय. आपण त्याच्यापुढून पळायचं नाही, एवढंच मी शिकलो.

त्या पापनिवेदनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी आणि पास्कल एकामागोमाग ख्रिस्तप्रसाद घेऊन परत आलो, तर आमची रांग गच्च भरलेली. आम्ही घुटमळलो. तेवढ्यात आईने शेजारणीला कोपराने ढोसलं. आठवडाभरानंतर तिचा आवाज ऐकला.

"सरका हो जरा," ती म्हणाली, "माझी पोरं आलीत."