मागच्या खोलीतला घरमालक

पाटणे साहेबांचा फोन आला तेव्हा मी रानात होतो. हरभरा काढायला माणसं लावली होती आणि त्यातली निम्मी माणसं हातातलं काम सोडून माझ्याच गप्पा ऐकत उभी होती. पाटणे म्हणजे आमच्या गौतमचे भाडेकरू. "आप्पा, लवकर या, सर पडलेत," एवढंच म्हणाले. मला वाटलं, पत्र्यावरून पडला असणार. मजुराचे पैसे वाचवायला स्वतः पत्र्यावर चढून डांबर फासायची त्याला खोडच होती... मी वाटभर त्याला घालायच्या शिव्या जुळवत आलो. लोहाऱ्याच्या वेशीपर्यंत चांगल्या टोपलीभर जमल्या होत्या. गल्लीत शिरलो तर माणसं चपला काढून गुमान उभी. त्या शिव्या मग तोंडातच राहिल्या. आता दोन महिने होत आले, अजून तिथंच आहेत. चार लोक म्हणाले, आप्पा, तुमचा एवढा जिवाभावाचा मित्र, त्याच्यावर दोन शब्द लिहा. लिहितो. पण गोड शब्द येतील असं वाटत नाही.

गौतम आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचा आणि मी पी.टी. त्याच्या वर्गात पेन्सिलीचं टोक तुटलं तर शेजारच्या वर्गाला ऐकू यायचं; माझ्या तासाला मी दिलेला 'सावधान' ऐकून नळदुर्गच्या हायवेवरचे ट्रक थांबायचे. अशी आमची जोडी. पोरांच्या पेन्सिली झिजून नखाएवढ्या झाल्या की तो त्या गोळा करायचा, ज्वारीच्या वाळक्या धाटात खुपसायचा आणि पुन्हा पोरांच्याच हातात द्यायचा. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यावर पोरांकडून चित्रं काढून घ्यायचा. गावात कुणाचं लग्न ठरलं की नवरदेवाच्या आधी गौतम खूश. तेव्हा मला हे सगळं कौतुकाचं वाटायचं. हाच माणूस पुढं स्वतःच्या बायकोलाही धाटात खुपसून वापरणार आहे, हे मला काय ठाऊक!

त्याचं घर झालं त्याची ही गोष्ट. गौतमचा बाप आयुष्यभर लोकांच्या रानात राबला आणि लोकांच्याच जागेत खोपट घालून राहिला. जागेचा मालक दारात आला की बाप उठून उभा राहायचा, आणि ते बघून गौतमही उभा राहायचा. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी काढलं नाही. नोकरी लागल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यानं लोहाऱ्यात जागा घेतली, बँकेचं वीस वर्षांचं कर्ज काढलं, घराचा नकाशा स्वतःच्या हातानं काढला आणि गवंड्याच्या मागं असा लागला, की तो गवंडी शेवटी ओळंबा सोडायच्या आधीही गौतमकडं बघायचा. बांधकाम चालू असताना सिमेंट ठेवायला मागं एक पत्र्याची खोली घातली होती. नवरा-बायको आणि नववीतला राहुल तेवढ्यापुरते तिथं राहत होते. घर झालं, रंग वाळला, सुमनवहिनीनं फरशी पुसून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी गौतम पाटणे साहेबांना घर दाखवायला घेऊन आला.

"एकच वरीस," तो वहिनीला म्हणाला. "भाडं सरळ मुद्दलात भरू. कर्ज हाय तवर हे घर बँकेचं. दुसऱ्याच्या घरात मी पाय पसरून झोपणार न्हाय."

गंमत अशी, की पाटणे त्याच बँकेत कॅशियर. महिन्याच्या पहिल्या तारखेला पाटणे घराच्या पायरीवर गौतमच्या हातात नोटा ठेवायचे आणि त्याच नोटा गौतम बँकेत जाऊन पाटण्यांच्याच खिडकीत सरकवायचा. मी त्याला म्हणालो, "अरे, मधला हेलपाटा कशाला? त्यांना म्हणावं, भाडं तिकडंच खिशातून काढून गल्ल्यात टाका." तो हसला नाही. हिशोबाच्या बाबतीत विनोद त्याला उधळपट्टी वाटायचा.

एका वर्षाची दोन झाली, दोनाची पाच. पाटण्यांची पोरगी त्या हॉलमध्ये बोबडं बोलली, पाढे म्हणाली, सायकल शिकली. घराचे मालक मात्र मागं पत्र्याखाली. उन्हाळ्यात तो पत्रा असा तापायचा, की वहिनीनं पापड चुलीऐवजी वर टाकले असते तरी भाजले असते. आणि गौतमचा नियम काय, तर भाडेकरूच्या घरात मालकानं पाऊल टाकायचं नाही. भाडं घ्यायचं ते पायरीखाली उभं राहून. त्याच्या बापाच्या दारात मालक जसा घुसायचा तसं आपण घुसायचं नाही, असं त्याच्या डोक्यात पक्कं. मला ते कळायचं. पण त्यापायी स्वतःच्याच घराच्या पायरीखाली उभा राहिलेला माणूस बघितला की माझं टाळकं फिरायचं.

काटकसरीच्या तर काय गोष्टी सांगू! मोटरसायकल होती, पण उताराला इंजिन बंद करायचा. लोहाऱ्यात उतार कुठाय? गौतमला दिसायचा. दाढीचं ब्लेड त्यानं इतकं चालवलं की शेवटी त्या ब्लेडलाच दाढी आली असेल. कुणाचा चहा घ्यायचा नाही, कारण घेतला की पाजावा लागतो. शाळेची सहल नळदुर्गच्या किल्ल्यावर गेली होती. उतरल्यावर सगळे मास्तर ढाब्यावर बसले, हा बाहेर बाजेवर भाकरी सोडून बसला. मी आतून ओरडलो, "गौतम, ये की रे, आज माझ्याकडून!"

"तुझ्याकडून आज, माझ्याकडून उद्या," तो म्हणाला. "ते उद्याचं मला परवडत न्हाय, आप्पा."

"मग दाल तरी घे. फुकट वाढतोय तो."

"फुकटची सवय त्याहून महाग पडती."

ढाबेवाला सरदारजी बाहेर येऊन त्याला हात जोडून गेला. अशा गिऱ्हाइकाला जगात दुसरं काय करणार?

हे सगळं मी हसून सांगतो आणि लोक हसतात. सुमनवहिनी हसायची नाही असं नाही, तिचं हसणं जरा तिखट होतं. मागच्या खोलीच्या दारात बसलं की समोर पुढच्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी. पाटणेबाई फोडणी टाकायच्या आणि वास थेट वहिनीच्या नाकात. मी गेलो की म्हणायची, "या आप्पा भावजी. माझ्या घरात आज भरली वांगी हैत. वास तिकडला घ्या, भाकरी इकडची खावा." गौतम मान खाली घालून जेवायचा. एकदा तो पाणी आणायला उठला तेव्हा ती हळूच म्हणाली, "भावजी, मला सोनं नको, साडी नको, कुठं फिरायला नको. त्या घरात ह्यांच्यासंगं राहायचंय, हातपाय चालत्यात तवर. एवढंच त्यांच्या कानावर घाला." मी घातलं. शंभरदा घातलं. शिट्टी फुंकून घातलं असतं तरी त्याचं उत्तर ठरलेलं, "कर्ज फिटू दे."

आणि कर्ज फिटलं. वीस वर्षांचं कर्ज त्यानं बारा वर्षांत संपवलं. त्या दिवशी तो चालत माझ्या घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा. गौतम आणि पेढे! मी आभाळाकडं बघितलं, गारा पडतायत की काय म्हणून. मला पेढा भरवला आणि तिथंच उंबऱ्यावर बसून रडायला लागला. "आप्पा, आता कुणी दारात आलं तर मी बसून ऱ्हाणार. उठणार न्हाय." मीही रडलो, आमच्या हिनं आतून विचारलं, कोण गेलं म्हणून. मग डोळे पुसून मी विचारलं, "पुढं कधी राहायला जाताय?"

तो पेढ्याचा कागद घडी घालून खिशात ठेवत म्हणाला, "पाटण्याच्या पोरीची दहावी हाय औंदा. मधीच कसं उठवू तिला? मार्चपर्यंत जाऊ दे."

"अरे गाढवा, लोहाऱ्यात दुसरी घरं न्हाईत व्हय?"

"तिचा अभ्यासाचा कोपरा तिथं हाय. कळायला लागल्यापास्नं तिथंच हाय ती." मग जरा थांबून म्हणाला, "अन् तवर भाडं येईल त्यात रंग बी मारून घेऊ. तुझ्या वहिनीला सांग तूच, तुझं ऐकती ती."

आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं? कंजूसपणा असता तर मी त्याचं बखोट धरून त्याला हॉलमध्ये नेऊन बसवला असता. पण त्यात पोरीची परीक्षा होती आणि परीक्षेच्या पदराआड रंगाचा हिशोब होता. त्याच्या चांगुलपणातून चिक्कूपणा वेगळा काढता यायचा नाही. मी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "पोरीची परीक्षा होऊ दे. बारा वर्सं काढली, मार्च काय लांब हाय?"

मार्च यायच्या आधी तो गेला. सकाळी दूध आणून ठेवलं, छातीत कळ आली म्हणाला आणि संपलं. पत्र्याच्या खोलीत माणसं मावेनात, तेव्हा पाटणेबाईंनी स्वतः पुढचं दार उघडलं, सोफा भिंतीला सरकवला, पोरीची पुस्तकं उचलली आणि वहिनीचा हात धरून म्हणाल्या, "काकू, सरांना इकडं आणा. घर तुमचंच आहे." त्याला आम्ही चौघांनी आत नेलं. आपल्या हॉलमध्ये गौतम पाय पसरून निजला तो असा. भंतेजींनी त्रिशरण म्हटलं तेव्हा सगळे हात जोडून उभे राहिले. मी एकटा त्याच्याकडं रागानं बघत होतो. मला त्याला उठवून विचारायचं होतं, झालं का आता समाधान?

शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापक बोलायला उठले आणि म्हणाले, "सर कुणाचं एका पैशाचं देणं न ठेवता गेले. विद्यार्थी मित्रांनो, हा आदर्श घ्या." पोरं माना डोलवायला लागली. माझा काही ताबा राहिला नाही. मी उभा राहिलो. "साहेब, देणं राहिलंय," मी म्हणालो. "बायकोचं राहिलंय. बँकेनं सवलत दिली असती, हप्ता लांबवला असता. त्या माउलीकडं व्याजाचा दर विचारायचीसुद्धा ह्याला सवड झाली न्हाई." मग माझा आवाज फुटला आणि मी खाली बसलो. लोक म्हणतात, आप्पा अति बोलतात. बोलतो. तो अति गप्प राहिला, त्याची भरपाई कुणीतरी करायला नको?

पुण्यानुमोदनाचा स्वयंपाक पाटणेबाईंच्या आग्रहानं पुढच्याच घरात झाला. नव्या घराचं जेवण गावाला घालायचं वहिनी बारा वर्षं मनात मांडत होती. कोण कुठं बसेल, वाढायला कोण, सगळं. ती पंगत बसली ती ह्या निमित्तानं. मी दोन घास खाल्ले आणि हात धुतला.

पोरीची परीक्षा मात्र तिथंच झाली. वहिनीनं पाटण्यांना हलू दिलं नाही. "सरांनी शब्द दिलाय," म्हणाली. शेवटचा पेपर झाल्यावर ते दुसरीकडं गेले. घर रिकामं झालं आणि पुण्याहून राहुल आला. पोरगा वाईट नाही, बापावर गेलाय, तेच दुखणं. त्यानं पुण्यात फ्लॅट घेतलाय, अर्थात कर्ज काढून. मला शेजारी बसवून आईला म्हणाला, "आई, तू एकटी इथं काय करणार? माझ्याकडं चल. पुढचं-मागचं दोन्ही भाड्यानं देऊ. माझा हप्ता तेवढा हलका होईल, पाचेक वर्षांत कर्ज मोकळं. मग सगळं तुझंच आहे."

तोच आवाज, तोच 'मग'. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी म्हणाली, "राहुल, हे घर आधी बँकेचं हुतं. मग भाडेकरूचं झालं. मग चार दिवस पाव्हण्यारावळ्यांचं झालं. आता माझं हाय. तुझा हप्ता तुझ्या पगारातनं भर. अन् सूनबाईला त्या फ्लॅटात खुशाल पंखा लावून झोपू दे." मी टाळी वाजवली. बारा वर्षांत मला त्या अंगणात ऐकायला मिळालेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य.

परवा सहज गेलो. वहिनीनं पुढच्या दारातून हाक मारली, "या भावजी, आत या, हितंच." स्वयंपाकघरात गेलो आणि बोलता बोलता ओट्याला टेकायला गेलो, तर तोल गेला. ओटा कुठाय तर पार खाली, माझ्या मांडीला. मी म्हणालो, "हे काय वहिनी, गवंड्यानं चुकवलं व्हय? गौतमसारखा माणूस नजर ठेवून असताना?"

सुमनवहिनी उंचीनं लहान. शाळेच्या रांगेत मी तिला पाचवीत उभं केलं असतं. ती पीठ मळता मळता म्हणाली, "चुकला न्हाय. घर बांधताना ह्यांनी मला हितं आणून उभी केली. हात असा धरायला लावला, कोपरापशी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली अन् गवंड्याला म्हणले, हिच्या मापानं घाल. गवंडी म्हणला, सर, उद्या कुणी उंच बाई आली तर? हे म्हणले, दुसरी कशाला येईल?"

"आली की पण! पाटणेबाई तर ताडमाड!"

"व्हय. पाठ धरायची त्यांची. ओटा उंच करून द्या म्हणून लई मागं लागल्या. शेवटी पाटणे साहेब घर सोडतो म्हणले. तवा ह्यांनी भाडं कमी केलं, पर ओट्याला हात लावू दिला न्हाय."

मी खाली बसलो. गौतमनं... भाडं कमी केलं? कर्ज डोक्यावर असताना? ज्यानं पेढ्याचा कागद फेकला नाही, त्यानं महिन्याच्या महिन्याला पैसे सोडले आणि मला चकार शब्द सांगितला नाही. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण खरं सांगतो, मला आणखीनच राग आला. अरे, एवढं माप घेतलंस, एवढं राखलंस, तर एक दिवस तरी आत येऊन बघायचं होतंस, बरोबर बसलंय का ते!

"जेवून जा," वहिनी म्हणाली. तिनं गोळा परातीत घेतला आणि भाकरी थापायला लागली. खांदे सैल, कोपरं मोकळी. तिला वाकावं लागत नव्हतं, टाचाही उचलाव्या लागत नव्हत्या.