मागच्या डाव्या चाकाची नळी

आमची जीप विकायला काढली तेव्हा मला बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याची गाडी म्हणून म्हातारी रडली असेल, असं लोकांना वाटतं. मी रडले नाही. त्या गाडीला मी आयुष्यभर भ्यायले.

चारही चाकांनी ओढणारी जुनी जीप. नवऱ्याने मागचा भाग कापून, फाळका बसवून तिची मालवाहू गाडी केली होती. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतायचा तिथून ती बाहेर यायची. खत, कापूस, कडबा आणि वेचणीच्या बाया, सगळं त्या फाळक्यामागे.

भीतीचं कारण एक नळी. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आमच्या गावाआधी नाल्याचा उतार आहे. तिथे एकदा ब्रेकचं पेडल खालपर्यंत गेलं. गाडी कशीतरी बांधाला लावून थांबवली. मागच्या डाव्या चाकाकडे जाणारी ब्रेक तेलाची नळी फुटली होती. नवऱ्याने एक दगड खाली धरला, एक वरून हाणला आणि नळी चेपून बंद केली. तेल भरलं. "झालं. तीन चाकं पुरतात," म्हणाला. उद्या बदलू म्हणाला, ते शेवटपर्यंत बदलली नाही. तेव्हापासून जोरात ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची. तो आधीच स्टिअरिंग डावीकडे धरायचा. त्याच्या हाताला सवय झाली, माझ्या पोटाला झाली नाही.

एकदा मागे अकरा बाया होत्या, मीही त्यांच्यातच. उतारावर शेळ्या आडव्या आल्या. त्याने ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे फिरली. पुढचं एक चाक नाल्यावरच्या पुलाच्या काठाबाहेर गेलं. त्या पुलाला कठडा नाही. आम्ही बाया एकेक करून फाळक्यावरून उतरलो. एकीने डबा उचलला, पायी घरी गेली आणि पुन्हा आमच्या वावरात आली नाही. नवरा मला म्हणाला, "पोराले सांगू नको." मी सांगितलं नाही.

तो गेल्यावर गाडी दोन पावसाळे गोठ्याजवळ उभी राहिली. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मुलगा यवतमाळला नोकरीला आहे. तो म्हणाला, "माय, अशा गाड्यायले आता लय मागणी हाय. नीट करून विकू."

पांढरकवड्याचा मिस्त्री आला. दीड महिना आमच्या अंगणात त्याचं काम चाललं. इंजिन उतरवलं, बसवलं. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा गंजून अडकला होता, तो सोडवला. चारही चाकं काढली. मला वाटलं, नळी दिसलीच असेल. चहा द्यायला गेले की विचारावंसं वाटायचं, पण आमच्याकडे गाडीभोवती पुरुष उभे असले की बाई कप ठेवून परत येते. मीही तेच केलं. मग एक दिवस बघितलं तर गाडीला खालून काळा रंग मारलेला. नळी बदलली की नुसती रंगवली, ते आता दिसत नव्हतं. मी कप उचलून आत आले. मुलाने बजावलं होतं, "गिऱ्हाइकासमोर बोलू नको माय. तुही जीभ लय तिखट हाय."

गिऱ्हाईक दिग्रसकडचं आलं. जुन्या गाड्यांचा शौकीन वगैरे नव्हता, शेतकरीच. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "नवरीच सजवली बाप्पा!" मग माझ्याकडे वळला.

"मावशी, तुमी बसत होत्या का हिच्यात?"

"बसत होती. मागं."

"मंग ठीक. मले बी बायाच न्यायच्या हायेत वेचाले. वावर टेकडीच्या पल्याड हाय. बारा-पंधरा बसतीन ना?"

मी उत्तर द्यायच्या आधीच मुलाने किल्ली पुढे केली.

तो आणि मुलगा गाडी घेऊन सपाट रस्त्याने एक चक्कर मारून आले. "जराशी उजवीकडं जाते," तो म्हणाला. "हवा कमी-जास्त असन," मुलगा म्हणाला. भाव ठरला, आणि मुलाने चाकापुढे फोडायला नारळ हातात घेतलासुद्धा.

मी म्हटलं, "नारळ ठेव. हिचे ब्रेक तीनच चाकायले हायेत."

शेजारी उभा असलेला मिस्त्री हसला. "काकू, चारही चाकं म्या खोलले ना."

"चाकं खोलले. नळी पाह्यली का?"

तो खिळा घेऊन गाडीखाली शिरला. रंग खरवडल्याचा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर आला तेव्हा कोणाकडे बघत नव्हता. "चेपली हाय," म्हणाला. "पेडल कडक लागत होतं, म्हणून चाकाचाकातून तेल काढून पाह्यलंच नाई म्या."

मुलगा लाल झाला. "आतापर्यंत काहून नाई सांगतलं?"

"तुह्या बापानं नको म्हटलं होतं."

"अन् आता?"

"आता तो नाई."

गिऱ्हाइकाने नारळासाठी काढलेल्या चपला पुन्हा घातल्या. "येतो मावशी," एवढंच बोलून गेला.

मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी नवी नळी घातली. मुलगा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचं काही नाही, बोलेल. मला भीती वेगळीच होती. नळी नवी दिसते, पण आतून कशी आहे हे मला बघून कळत नाही. आणि आता दुसरं गिऱ्हाईक आलं तर मला घरात बसवून गाडी विकतील. मग कुठल्या तरी टेकडीवर, कुठल्या तरी बाया. डोळा लागला की फाळका धरलेले हात दिसायचे.

पाचव्या दिवशी दिग्रसकडचा तोच माणूस परत आला; नळी बदलल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. "मले उतारावर पाहाचं हाय. मावशी बसतीन तं."

"तिचं वय पहा ना भाऊ," मुलगा म्हणाला.

मी मागे चढले. पुढे बसून कळत नाही, गाडी फिरते ते मागे कळतं. मुलगा मुकाट्याने माझ्याजवळ येऊन बसला. नाल्याचा उतार लागला. पूल दिसला. त्या काठाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं.  गिऱ्हाइकाने गाडीला वेग दिला आणि एकदम ब्रेक दाबला. मी पुढे आदळले. गाडी सरळ थांबली.

त्याने मागे वळून बघितलं. "काय म्हन्ता मावशी?"

मी फाळका पुन्हा घट्ट धरला. मग म्हटलं, "अजून एकदा."

त्याने गाडी मागे घेऊन पुन्हा दाबला. मी पुन्हा सांगितलं, अजून एकदा. मुलगा म्हणाला, "माय, बस कर आता." मी त्याच्याकडे बघितलं नाही.

तिसऱ्यांदाही सरळ थांबली तेव्हा मी म्हटलं, "ने."

मी उतरायला उठले. त्या माणसाने आणि मुलाने दोन्हीकडून धरून मला फाळक्यावरून खाली घेतलं.